नावेला हात न लावता

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत एखादे संतचरित्र, नाट्यसंगीताची परंपरा किंवा मराठ्यांच्या इतिहासातील एखादे पर्व यांवर विवेचन व्हावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. ते विषय या व्यासपीठावर पन्नास वर्षे होत आले आहेत आणि पुढेही होतील. आज मात्र आम्ही एका जलतरणपटूचे चरित्र आपणांपुढे ठेवणार आहोत. हा मनुष्य मराठी नव्हता. तो या बंगालचा होता. ज्या भूमीने आपल्या वाडवडिलांना थारा दिला, जिच्या नदीत आपण वर्षानुवर्षे आपल्या गणपतीचे विसर्जन करीत आलो, त्या भूमीतील कर्तबगार माणसांची ओळख करून घेणे हेही मंडळाचे एक कार्य आहे, असे आम्ही मानतो. शिवाय मिहिर सेन यांच्या आयुष्यात, घर सोडून दूर आलेल्या प्रत्येक कुटुंबाने मनाशी घोळवावे असे काही आहे. ते कोणते, हे सांगण्यासाठी प्रथम दीर्घ पल्ल्याच्या सागरी जलतरणाचे स्वरूप थोडक्यात पाहावे लागेल.

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील इंग्लिश खाडी सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे ३३ किलोमीटर, म्हणजे २१ मैल रुंद आहे. नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारावी इतके हे अंतर सोपे दिसते. परंतु पोहणाऱ्याच्या वाट्याला सरळ रेघ कधीच येत नाही. दर सहा तासांच्या सुमारास भरती-ओहोटीचा प्रवाह आपली दिशा पालटतो, आणि पोहणारा एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला ओढला जातो. त्यामुळे त्याची वाट नागमोडी होते आणि २१ मैलांचे ३० किंवा ४० मैल होतात. ऑगस्ट-सप्टेंबरातही तेथील पाण्याचे तापमान साधारण १५ ते १८ अंश सेल्सियस असते. आपल्याकडील विहिरीचे पाणी ऐन माघातही याहून ऊबदार लागते. त्यात जेलीफिशचे दंश आणि मालवाहू जहाजांची अखंड ये-जा. कॅप्टन मॅथ्यू वेब या इंग्रज खलाशाने २४ आणि २५ ऑगस्ट १८७५ या दोन दिवसांत २१ तास ४५ मिनिटे पोहून ही खाडी प्रथम पार केली. १९२६ साली गर्ट्रूड एडर्ले ही अमेरिकन युवती खाडी पार करणारी पहिली स्त्री ठरली. तिने घेतलेला वेळ त्यापूर्वीच्या सर्व पुरुषांपेक्षा कमी होता.

या क्रीडेचा एक नियम मात्र सर्वांत महत्त्वाचा आहे. पोहणाऱ्याबरोबर एक नाव चालते. नावेवर वाट दाखविणारा नावाडी असतो, निरीक्षक असतो, जिवलग असतात. रात्री नावेवरचा दिवा हीच त्याची दिशा. काठीच्या टोकाला किंवा दोरीला बांधून त्याला गरम पेय, साखर, थोडे अन्न देता येते. पण पोहणाऱ्याने नावेला हात लावला, किंवा नावेवरील कोणी त्याला आधार दिला, की त्या क्षणी सारे पोहणे बाद. मग तो किनाऱ्यापासून वीस मैलांवर असो की वीस हातांवर. बुडत्याला काडीचा आधार, अशी आपली म्हण आहे. येथे मात्र ती काडी हाताशी असूनही धरावयाची नाही. तथापि, नावेवाचून कोणी खाडी पार करू शकतो काय? नाही. नाव नसेल तर वाट चुकेल, अन्न मिळणार नाही, आणि प्रसंगी प्राणही जाईल. नाव हवीच, फक्त तिने पोहणाऱ्याच्या ऐवजी पोहावयाचे नाही. मिहिर सेन यांचे चरित्र आम्हांला या एका नियमाभोवती फिरताना दिसते.

मिहिर सेन यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९३० रोजी पुरुलिया येथे झाला. माळरानाचा, लाल मातीचा आणि उन्हाळ्यात पाण्याची वानवा असणारा हा मुलूख. समुद्रवीराच्या जन्मासाठी याहून विजोड स्थळ शोधूनही सापडावयाचे नाही. वडील डॉक्टर होते, परंतु घरची परिस्थिती बेताची. मुलांना चांगले शिक्षण मिळावे म्हणून कुटुंब कटक येथे आले, आणि आई लीलावती यांनी दूध व अंडी विकून संसाराला हातभार लावला. मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडणे आणि गृहिणीने चार पैशांसाठी कंबर कसणे, ही कथा आपल्या मंडळातील कित्येक घरांत सांगितली जाते. पुरुलिया ते कटक हे अंतर काही फार नाही. पण भाषा बदलली, शेजार बदलला, आणि सेनांचे घर परमुलखात जाऊन वसले. त्या घराची पहिली नाव म्हणजे ही माउली होय. तिने मुलाला अन्न दिले, दिशा दिली. शिकावयाचे मात्र त्याचे त्यानेच होते.

कायद्याची पदवी घेतल्यावर इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर व्हावे, ही मिहिर यांची आकांक्षा होती. पैसा नव्हता. पुढे ओरिसाचे मुख्यमंत्री झालेले बिजू पटनाईक यांच्याकडे त्यांनी पुनःपुन्हा खेटे घातले, आणि अखेर पटनाईकांनी त्यांना इंग्लंडचे एकेरी तिकीट व दहा पौंड दिले. तिकीट जाण्याचे होते, येण्याचे नव्हते. १९५० साली लंडनला पोहोचलेल्या या तरुणाने पोटासाठी रेल्वे स्थानकावर रात्रपाळीची हमाली केली, पुढे भारतीय उच्चायुक्तालयात नोकरी धरली आणि लिंकन्स इन येथे कायद्याचा अभ्यास चालविला. १९५४ साली ते बॅरिस्टर झाले.

त्याच काळात त्यांच्या वाचनात फ्लॉरेन्स चॅडविक या अमेरिकन जलतरणपटूचा वृत्तान्त आला. तिने १९५० साली फ्रान्सकडून इंग्लंडकडे आणि १९५१ साली इंग्लंडकडून फ्रान्सकडे, अशा दोन्ही दिशांनी खाडी पार केली होती. त्या वृत्तान्ताने मिहिर यांचे मन पेटले. वस्तुतः त्यांना तोवर म्हणण्यासारखे पोहताही येत नव्हते. विशी उलटलेला हा वकील लंडनच्या वाय. एम. सी. ए.च्या तलावात फ्रंट क्रॉलचे धडे गिरवू लागला. ज्या वयात पट्टीचे पोहणारे पदके बाजूला ठेवून संसाराला लागतात, त्या वयात याने पाण्याशी ओळख करून घेतली. ही हौस नुसत्या विक्रमाची नव्हती. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. भारतीय माणूस बुद्धीने चलाख पण अंगाने व मनाने दुबळा, हा परक्यांचा शिक्का पुसावा, आणि आपल्या तरुणांच्या मनातील न्यूनगंड जावा, हा आपला हेतू त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखविला.

खाडीने त्यांना सहजासहजी वाट दिली नाही. एकामागून एक प्रयत्न फसले. पाणी थंड, हवा लहरी, आणि प्रत्येक वेळी नाव, नावाडी व निरीक्षक यांच्या खर्चाची नव्याने जुळवाजुळव. अखेर २७ सप्टेंबर १९५८ रोजी डोव्हरहून निघून १४ तास ४५ मिनिटांनी ते फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले. इंग्लिश खाडी पोहून जाणारे ते पहिले भारतीय. येथे एका गोष्टीचा उल्लेख न्यायाने करावयास हवा. त्याच वर्षी, काही आठवडे आधी, ढाक्याकडचे ब्रजेन दास यांनी खाडी पार केली होती, आणि आशियातील पहिला हा मान त्यांच्याकडे जातो. फाळणीने दोन देशांत विभागलेल्या बंगालच्या दोन सुपुत्रांनी एकाच ऋतूत एकच पाणी ओलांडावे, हा योगायोग मनाला चटका लावणारा आहे. १९५९ साली मिहिर सेन यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

आता या चरित्रातील आम्हांला सर्वांत हृद्य वाटणाऱ्या भागाकडे वळू. खाडी पार करून आलेला मनुष्य स्वतः दुसऱ्याची नाव झाला. कलकत्त्याची आरती साहा ही मुलगी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये वयाच्या बाराव्या वर्षाच्या आतच भारतातर्फे पोहून आली होती. ब्रजेन दासांच्या यशाने तिला खाडीची ओढ लागली. दासांनी शर्यतीच्या संयोजकांकडे तिचे नाव सुचविले, आणि मिहिर सेन यांनी तिला धीर व साहाय्य दिले. देशबंधू पार्कमधील तलावात ती सलग कित्येक तास पोहण्याचा सराव करू लागली. २७ ऑगस्ट १९५९ रोजी ती फ्रान्सच्या केप ग्री-ने येथून शर्यतीत उतरणार होती. पण तिची नाव वेळेवर आलीच नाही. चाळीस मिनिटे उशिराने ती पाण्यात शिरली. भरती-ओहोटीच्या गणितात चाळीस मिनिटे म्हणजे फार झाली. इंग्लंडचा किनारा अवघा पाच मैलांवर आला असता प्रवाह उलटला, आणि तासन् तास झुंजूनही तिला माघार घ्यावी लागली. आम्ही मघाशी म्हटले की नाव पोहणाऱ्यासाठी पोहत नाही. पण नाव वेळेवर न येण्याची किंमत पोहणाऱ्यालाच मोजावी लागते, हे या प्रसंगाने दाखविले. ती मुलगी खचली नाही. महिनाभराने, २९ सप्टेंबर १९५९ रोजी, ती पुन्हा उतरली आणि १६ तास २० मिनिटांत ४२ मैल पोहून इंग्लंडमधील सँडगेटला पोहोचली. खाडी पार करणारी ती आशियातील पहिली स्त्री ठरली. १९६० साली तिला पद्मश्री मिळाली.

मिहिर सेन यांच्या कर्तृत्वाचा कळस म्हणजे १९६६ हे वर्ष. कलकत्त्याला परतून ते उच्च न्यायालयात वकिली करीत होते, वय पस्तीस. या वयात त्यांनी एकाच वर्षात निरनिराळ्या खंडांतील पाच जलमार्ग पोहून जाण्याचा संकल्प सोडला. आरंभ घरच्या समुद्रापासून, पाल्कच्या सामुद्रधुनीपासून. लंकेतील तलाईमन्नार ते आपले धनुष्कोडी. शार्क आणि विषारी सागरी सर्प यांसाठी कुप्रसिद्ध असलेले पाणी. नौदलाच्या साहाय्यासाठी ४५,००० रुपये उभे करणे आवश्यक होते. निम्मी रक्कम कलकत्त्याच्या 'द स्टेट्समन' सारख्या पुरस्कर्त्यांकडून जमली, उरलेल्या रकमेची सोय पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी केली, आणि नौदलाने 'सुकन्या' व 'शारदा' या दोन नौका दिल्या. ५ एप्रिलला निघालेले सेन ६ एप्रिलला, पंचवीस तासांहून अधिक काळ पाण्यात काढून, धनुष्कोडीच्या वाळूवर आले. हे धनुष्कोडी डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झालेले होते. त्या रात्री एक आगगाडी प्रवाशांसह समुद्राने गिळली होती. ज्या समुद्राने सव्वा वर्षापूर्वी एक गाव नेले, त्याच समुद्रातून एक माणूस चालत त्या गावाच्या भग्नावशेषांपाशी येतो, हे दृश्य नुसते डोळ्यांपुढे आणले तरी अंगावर काटा उभा राहतो.

पुढचे टप्पे भराभर आले. २४ ऑगस्टला जिब्राल्टरची सामुद्रधुनी, ८ तास १ मिनिट. १२ सप्टेंबरला तुर्कस्तानातील दार्दानेल्स. या सामुद्रधुनीशी इंग्रज कवी बायरनचे नाव निगडित आहे; १८१० साली त्याने ती आडवी पोहून पार केली होती. सेन तिच्या लांबीने पोहले: गॅलिपोलीपासून सेदुलबहिरपर्यंत सुमारे ४० मैल, १३ तास ५५ मिनिटे. त्याच महिन्यात बॉस्फरस, चार तासांत. आणि शेवटी, २९ ते ३१ ऑक्टोबर या दिवसांत, पनामा कालव्याची संपूर्ण लांबी, ३४ तास १५ मिनिटे पोहून. कालव्याचे पाणी बव्हंशी गोडे. मिठाचे पाणी शरीराला जसे उचलून धरते तसे गोडे पाणी धरीत नाही, म्हणून प्रत्येक हातामागे श्रम अधिक. कालव्याच्या मध्यावरील गातून सरोवर समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २६ मीटर उंच. म्हणजे हा एका अर्थी डोंगर चढणे-उतरणेच. एका वर्षात असे पाच जलमार्ग पार करणारा मनुष्य जगाने तोवर पाहिला नव्हता. १९६७ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान प्राप्त झाला.

येथे भाषण थांबविले असते तर टाळ्या पडल्या असत्या. पण चरित्र तेथे थांबले नाही. वकिलीबरोबर सेन यांनी रेशमाच्या निर्यातीचा व्यवसाय उभारला होता. पुढे राजकारणात उतरण्याचा प्रयत्न झाला, तो फळला नाही, व्यवसायही कोसळला. आणि अखेरच्या वर्षांत व्याधीने त्यांची स्मृतीच नेली. ज्याने पाच समुद्रमार्गांतील प्रत्येक वळण अंगावर वागविले, त्या माणसाला आपल्याच आयुष्याची वाट आठवेनाशी झाली. ११ जून १९९७ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा हे शहर त्यांना जवळजवळ विसरलेले होते. आरती साहा तर त्यांच्याही आधी, १९९४ साली, ५३ वर्षांच्या वयात गेल्या.

बंधुभगिनींनो, या जागी आम्हांला थोडे परखड बोलावयाचे आहे. पोहणारा पाण्यात असतो तेव्हा सर्वांचे डोळे त्याच्याकडे असतात. वृत्तपत्रे असतात, नौदल असते, पंतप्रधान असतात. तो किनाऱ्याला लागला की नाव माघारी जाते. हे क्रीडेच्या नियमाला धरूनच आहे. नावेचे काम संपलेले असते. परंतु समाज नावेप्रमाणे वागू लागला तर काय होते, ते मिहिर सेन यांच्या उत्तरायुष्याने दाखविले. जलतरणात किनारा आला की पोहणे संपते. आयुष्यात किनाऱ्यानंतरही एक पाणी असते, वार्धक्याचे, आजाराचे, विस्मृतीचे. त्या पाण्यात हात लावू नये असा नियम कोणी केलेला नाही. तेथे हात द्यावयाचाच असतो.

आपल्या मराठी मुलखातही या साहसाची परंपरा सांगण्यासारखी आहे. धरमतरपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचा सुमारे ३६ किलोमीटरचा पल्ला कित्येक मुलामुलींनी पोहून पुरा केला आहे. मालवणच्या किनाऱ्यावर सागरी जलतरणाच्या स्पर्धा होतात. आणि पुण्याच्या रोहन मोरे यांनी जगातील सात कठीण सामुद्रधुन्या व खाड्या पार करण्याचा 'ओशन्स सेव्हन' हा संकल्प फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यूझीलंडमधील कुक सामुद्रधुनीत पुरा केला. असे करणारे ते पहिले आशियाई. पुणे काही समुद्रकाठी नाही, जसे पुरुलियाही नव्हते. इकडे बंगालमध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यात भागीरथीतील ८१ किलोमीटरच्या शर्यतीला दोन्ही तीरांवर लोक लोटतात. आपल्या मुलांना या दोन्ही परंपरांचा वारसा आहे, ही त्यांची श्रीमंती होय.

या साऱ्यातून मंडळाने काय घ्यावे? आमच्या मते दोन गोष्टी. पहिली मुलांविषयी. आपली मुले आता बंगळूर, दिल्ली आणि त्याही पलीकडे परदेशांत चालली आहेत, जसे आपले वडील कधी काळी येथे आले. त्यांच्यासाठी पोहण्याचा मोह आपण आवरला पाहिजे. कोणते शिक्षण, कोणती नोकरी, कोणाशी लग्न, या प्रत्येक लाटेवर आपण हात पुढे करतो आणि त्यांचे पोहणे बाद करून टाकतो. त्यांना दिवा दिसत राहील इतके जवळ असावे, अन्न व भाषा पोहोचती करावी, आणि हात मात्र मागे ठेवावा. ही गोष्ट बोलण्यास सोपी आणि आईबापांना करण्यास अत्यंत कठीण आहे. नावेवर बसून पोटच्या पोराला गारठलेले पाहणे हे पोहण्यापेक्षा कमी कष्टाचे नव्हे. त्याचबरोबर नावेने वेळेवर यावे, हेही तितकेच खरे. आरती साहाची ती चाळीस मिनिटे आपण विसरू नये.

दुसरी गोष्ट किनाऱ्याला लागलेल्यांविषयी. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी घरोघर फिरून वर्गणी जमविली, सतरंज्या वाहिल्या, नाटकासाठी पडदे रंगविले, त्यांच्यापैकी काही जण आज या सभागृहात नाहीत. ते या शहरात आहेत, पण जिना उतरू शकत नाहीत. काहींना आपण भेटावयास गेलो तर आपले नाव आठवणार नाही. मंडळाची सत्कार समिती दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव करते, ते योग्यच आहे. त्या समितीच्या जोडीला या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून एक भेट समिती असावी, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत. शाल नको, श्रीफळ नको, भाषण तर नकोच. महिन्यातून एकदा दोघांनी जावे, तासभर मराठीत बोलावे, आणि ज्याला स्वतःचे काही आठवत नसेल त्याला त्याने मंडळासाठी काय काय केले ते आपण सांगावे. यासाठी निधी लागणार नाही, नावे लागतील. सभागृहाच्या दाराशी वही ठेवलेली आहे. जाताना ज्यांना शक्य असेल त्यांनी आपले नाव लिहावे, एवढीच विनंती.